मदत हवी आहे : १९६७ च्या एमजीबी रोडस्टरसाठी ब्रेक पाइप कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगर येथे माझ्या वडिलांची १९६७ सालची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मी पुन्हा रस्त्यावर आणत आहे. मागच्या ॲक्सलजवळ ज्या क्लिपने लोखंडी ब्रेक पाइप धरलेला असतो, तेथील गंज काल पॉलिश पेपरने घासताच पापुद्रा निघाला आणि खाली ब्रेक ऑइलचा ओलसर थेंब दिसला. या गाडीची ब्रेकव्यवस्था एकाच सर्किटची असल्यामुळे एक पाइप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून दौलताबादच्या घाटात जाण्यापूर्वी सगळेच पाइप बदलण्याचे मी ठरवले आहे.

येथील एका अनुभवी मिस्त्रींनी फ्रिजच्या कामातील तांब्याची नळी सुचवली. परंतु ती ब्रेकच्या दाबासाठी बनवलेली नसते, शिवाय शुद्ध तांबे सततच्या कंपनांनी कडक होऊन तडकते, त्यामुळे ते मला पटत नाही. तांबे-निकेल मिश्रधातूचा ३/१६ इंची पाइप गंजत नाही आणि हाताने सहज वळतो, तर स्टेनलेस पाइप टिकाऊ असला तरी त्याचे फ्लेअर (जोडासाठी पसरवलेले पाइपचे टोक) नीट बसवणे अवघड जाते, असे दिसते. माझा कल तांबे-निकेलकडे आहे.

पुढचे दोन आणि मागचा एक असे तिन्ही रबरी होज (लवचिक नळ्या) मूळ पद्धतीचेच ठेवावेत की स्टीलच्या जाळीचे घ्यावेत? तसेच यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे नट आणि डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेले टोक) अचूक करून देणारे कारागीर वाळूज किंवा जालना परिसरात कोणाच्या पाहण्यात आहेत का? स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया अवश्य कळवावे.