फोन एकाच नंबरवर येऊ दे, पण माणूस जवळचा द्या

स्वयंसेवक मिळत नाहीत, म्हणून दारू सोडू पाहणाऱ्यांच्या हेल्पलाइनवर आपोआप उत्तर देणारी यंत्रणा बसवावी आणि मीटिंगा ऑनलाइनच घ्याव्यात, असं एक मत आहे. ते मला अर्धंच पटलं. मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या संघटनेत आहे. २०२०च्या टाळेबंदीत झूमवरच्या मीटिंगा नसत्या तर मी पुन्हा प्यालो असतो.

पण आमच्या संघटनेची सुरुवात आठवा. मे १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन. पिण्याची ओढ अनावर झालेल्या बिल डब्ल्यू. या आमच्या संस्थापकाने हॉटेलच्या लॉबीतून फोन फिरवले, ते समोर बसून बोलायला दुसरा बेवडा मिळावा म्हणून. भेटले डॉ. बॉब, तेही दारूच्या आहारी गेलेले, पुढे आमचे दुसरे संस्थापक. त्यांनी दारू सोडली तो १० जून हाच आमचा स्थापनादिन.

माझी पहिली मीटिंग शाळेच्या वर्गात होती. चहा देणाऱ्या काकांनी माझा थरथरता हात पाहिला आणि कप अर्धाच भरला. विचारलं काहीच नाही. तो कप मला अजून दिसतो.

म्हणून फोन एका नंबरवर येऊ दे, पण तो लगेच त्या तालुक्यातल्या सभासदाकडे वळवा. फोन करणाऱ्याच्या घरी जाताना दोघांनी जावं. बाईचा फोन असेल तर बायकांनीच. कंप किंवा भास असतील तर आधी डॉक्टर. आणि नवख्याला न विचारता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये कृपया घालू नका, नंबर सगळ्यांना दिसतो.

राहिला स्वयंसेवकांचा प्रश्न. आमच्याकडे खुर्च्या मांडायचं काम आम्ही नवख्यालाच देतो. पुढच्या गुरुवारी तो वेळेआधी आलेला असतो.