लिबर्टेरियन विचार डोक्याला पटतात, पण मनाला का भिडत नाहीत?

मोकळावारा:
गेली सहा-सात वर्षं मी लिबर्टेरियन विचारांबद्दल वाचतोय आणि मला ते मनापासून पटलेत. आपल्या कष्टाचा आणि आपल्या आयुष्याचा मालक माणूस स्वतः असावा, तो दुसऱ्याला इजा करत नसेल तर सरकारने मध्ये पडू नये, सगळ्याचं मूळ एवढंच. पण कोणाला सांगायला जावं तर समोरचा एकतर विषय बदलतो, नाहीतर 'म्हणजे गरिबांनी मरायचं का' असं विचारतो.

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीशी बोलत होतो, ती नर्स आहे. किमतींमधून माहिती कशी पोचते, लायसन्समुळे जुन्या धंदेवाल्यांचं कसं फावतं, असं वीसेक मिनिटं बोललो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तू एवढं बोललास, त्यात एकसुद्धा माणूस नव्हता." तेव्हापासून हे वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

डाव्यांकडे बघा, गाणी आहेत, नाटकं आहेत, हुतात्मे आहेत. राष्ट्रवाद्यांकडे झेंडा आहे. आपल्याकडे आलेख! हे विचार लोकांना आपले वाटावेत यासाठी काय करता येईल? कोणी कधी करून दाखवलंय का? प्लीज मनापासून सांगा.

शाईचाडाग:
करून दाखवलंय की, आणि तेही पावणेदोनशे वर्षांपूर्वी. इंग्लंडमध्ये धान्याच्या आयातीवर जबर कर होता, कॉर्न लॉज म्हणायचे त्याला, १८१५ पासूनचा. फायदा जमीनदारांना आणि भुर्दंड पाव विकत घेणाऱ्या प्रत्येकाला. त्याविरुद्ध १८३८ मध्ये मँचेस्टरमधून चळवळ उभी राहिली, रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट हे तिचे पुढारी. त्यांनी अर्थशास्त्र सांगितलंच, पण त्यासोबत चहापानाचे कार्यक्रम घेतले, सभा घेतल्या, घरोघर पत्रकं पोचवली (१८४० मध्ये एका पेनीत पत्र जायला लागलं, ते त्यांच्या पथ्यावरच पडलं), आणि १८४५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात मोठा बाजार भरवला, त्यात बायकांनी केवढं तरी काम केलं. ज्या काळात बायकांना मतदानाचा हक्क नव्हता त्या काळात खुल्या व्यापाराच्या चळवळीत त्यांना मानाची जागा होती, हे आपले लोक कधी सांगतच नाहीत. कायदा १८४६ मध्ये रद्द झाला. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं होतं आणि पंतप्रधान पील यांच्यावर त्याचं दडपण होतं हेही खरंच, म्हणजे सगळं श्रेय चळवळीचं नाही.

पण मुद्दा बघा, त्यांनी 'व्यापार खुला करा' हे पावाच्या भाषेत सांगितलं. पुढे १९०६ च्या निवडणुकीत परत आयातकराचा वाद पेटला तेव्हा प्रचारात दोन पाव दाखवायचे, खुल्या व्यापाराचा मोठा आणि कर लावलेला छोटा. बघितलं की कळलं, भाषण ऐकायची गरजच नाही.

अनघावाचते:
पेन्सिलवाला निबंध विसरू नका. लेनर्ड रीडचा, १९५८ चा, त्यात पेन्सिल स्वतःच स्वतःची गोष्ट सांगते आणि जगात एकाही माणसाला एकट्याने पेन्सिल बनवता येत नाही हे आपल्याला हळूहळू उमगतं. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९८० च्या टीव्ही मालिकेत तीच पेन्सिल हातात धरून सांगितलं, लाकूड कुठलं, शिसं म्हणतो ते ग्राफाइट कुठलं, रबर कुठलं. लोकांच्या अजून लक्षात आहे.

तरी मोकळावारा, तुमची बहीण हे ऐकून परत तेच म्हणेल असं मला वाटतं. पेन्सिल बघून अचंबा वाटतो, पण कोणासाठी जीव तुटत नाही. मला स्वतःला जे भिडलं ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका ख्रिस्ती मठाचं प्रकरण. सेंट जोसेफ अॅबे, तिथले साधू आपल्यातला कोणी गेला की साध्या लाकडाची शवपेटी स्वतः बनवायचे. २००५ मध्ये कतरिना वादळात त्यांच्या जंगलातली झाडं पडली, उत्पन्न बुडालं, म्हणून त्यांनी शवपेट्या विकायचं ठरवलं. तर अंत्यविधीच्या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या बोर्डाने नोटीस काढली की शवपेटी विकायची तर अंत्यविधीचं लायसन्स पाहिजे, आणि लायसन्ससाठी प्रेतावर मसाला लावायची खोलीसुद्धा बांधावी लागणार. लाकडाची पेटी विकायला! बोर्डावर बहुतेक सगळे त्याच धंद्यातले. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिसच्या वकिलांनी त्यांची केस लढवली आणि २०१३ मध्ये अपील कोर्टाने निकाल साधूंच्या बाजूने दिला, नुसतं एका गटाचा धंदा जपायचा हा काही कायद्याचा रास्त हेतू होऊ शकत नाही असं म्हणून.

यात लिबर्टेरियन हा शब्द एकदाही उच्चारावा लागत नाही. रंधा मारणारा म्हातारा साधू डोळ्यापुढे आला की ऐकणाऱ्यालाच राग येतो, आणि तो राग त्याचा स्वतःचा असतो, आपण भरवलेला नसतो.

दुसरीबाजू:
मी लिबर्टेरियन नाही, तरी लिहितोय कारण प्रश्न प्रामाणिक वाटला. तुमच्या गोष्टी चांगल्याच आहेत पण सगळ्या सरकारने अडवलेल्या माणसाच्या. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना कोणी अडवलेलं नव्हतं, पूर्ण मोकळे होते, आणि तरी आम्ही खड्ड्यात होतो. आईने रात्री दोन वाजता वहीत मांडलेला हिशेब मी बघितलाय, औषधाची ओळ तिने तीनदा खोडून परत लिहिली होती. त्या माणसाला तुमच्या विचारात जागा कुठे आहे ते आधी सांगा. ते न सांगता नुसती गाणी आणि पोस्टर केलीत तर तो रंग लावलेला दगडच राहणार.

जुनासभासद:
दुसरीबाजू, आईंच्या वहीबद्दल वाचून थांबलो थोडा वेळ. तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाहीच.

२०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉनथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, जवळपास १२ हजार लिबर्टेरियन लोकांचा. त्यात असं दिसलं की हे लोक व्यवस्था समजून घेण्यात पुढे आणि दुसऱ्याच्या भावना टिपण्यात इतरांपेक्षा मागे. मला ते वाचून वाईट वाटलं पण खरं वाटलं. जे आपल्याला लगेच पटतं तेच आपण बोलत राहतो.

आणि गंमत म्हणजे तुमच्या प्रश्नाला जे उत्तर होतं तेच आपण सांगायचं सोडून दिलंय. इंग्लंडमध्ये फ्रेंडली सोसायट्या होत्या, साध्या मजुरांच्या. दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे, आजारी पडलात तर घरी पैसे येणार, गेलात तर अंत्यविधीचा खर्च मिळणार, बऱ्याच ठिकाणी डॉक्टरसुद्धा सोसायटीने नेमलेला. १९११ मध्ये सरकारी विमा आला त्याच्या आधीपासून लाखो लोक त्यात होते. आणि तो कोरडा विमा नव्हता बरं का, त्यांच्या बैठका होत्या, झेंडे होते, खांद्यावरून पट्टे घालून मिरवणुका निघायच्या, आजारी सभासदाला भेटायला माणूस ठरवलेला असायचा. हीच तर संस्कृती. सगळ्यांना पुरलं असं मी म्हणत नाही, जे हप्ता भरू शकत नव्हते ते बाहेरच राहिले. पण सरकार नको म्हणणाऱ्याने माणसाला एकटं सोडा असं म्हटलेलं नसतं, हे दाखवायचं तर पट्टा घालून शेजाऱ्याच्या खाटेपाशी बसलेला तो मजूर दाखवा. आणि आज तसं काहीतरी उभं करा, निदान दहा घरांचं.

मोकळावारा:
सगळ्यांचे आभार, अनघाताई तुमचे विशेष. काल बहिणीला साधूंची गोष्ट सांगितली, बाकी काही बोललोच नाही. ती मध्येच म्हणाली की आमच्याकडे पण असंच आहे, काही साध्या गोष्टी तिला पंधरा वर्षांच्या अनुभवाने डोळे मिटून करता येतात पण डॉक्टरची सही झाल्याशिवाय हात लावता येत नाही, मग रात्री सही करणारा येईपर्यंत पेशंट कण्हत पडतो आणि ती त्याच्या पायाशी उभी राहून घड्याळ बघत बसते. मी एवढी वर्षं तिच्याशी बोलतोय, हे तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

नंतर तिने विचारलं, "पण सही काढून टाकली आणि माझ्या हातून चूक झाली तर त्या पेशंटने कोणाकडे बघायचं?" यावर माझं उत्तर अजून तयार नाही. रविवारी येणार आहे ती, तोवर यावर कोणी काही लिहिलं तर बरं होईल, दुसरीबाजू तुम्ही तर नक्की लिहा.