मदत हवी आहे : ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट मुलांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटातल्या दहावीच्या मुलांना दिग्दर्शक डेव्हिड लीनचा १९४६चा सिनेमा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ दाखवणार आहे. डिकन्सच्या कादंबरीवरचा, कृष्णधवल. छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन, दोन्हींना ऑस्कर मिळालं होतं. सुरुवातीचं ते स्मशान, वाऱ्यात करकरणारी झाडं आणि अचानक पिपला, कथेच्या छोट्या नायकाला, धरणारा कैदी! मी कितीदा पाहिलंय, तरी दचकतेच. रंगात ही भीती उतरली असती असं मला वाटत नाही.

अडचण शेवटाची आहे. मिस हॅविशॅम म्हणजे लग्नाच्या दिवशी फसवली गेल्यापासून अंधाऱ्या वाड्यात कोंडून घेतलेली श्रीमंत बाई; एस्टेला तिची दत्तक मुलगी, जिच्यावर पिपचं प्रेम आहे. कादंबरीत शेवटी मिस हॅविशॅमचा वाडा पाडलेला असतो आणि पिप-एस्टेला उजाड बागेत भेटतात. सिनेमात वाडा उभाच आहे. एस्टेला हॅविशॅमच्याच खुर्चीत बसलेली, आणि पिप पडदे ओरबाडून उजेड आत आणतो. अंधार-उजेडाच्या भाषेत हे मला फार पटतं, पण कादंबरीतली ती हुरहूर हरवते, हेही खरं. त्यात डिकन्सने स्वतःच मित्राच्या सल्ल्यावरून मूळचा, जास्त उदास शेवट बदलला होता!

कोणी मुलांना असं रूपांतर शिकवलंय का? शेवटचं प्रकरण आधी वाचून घेऊ, की सिनेमा दाखवून मग वाचू? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.