सेंटओएस ७ नंतर डेबियन की अल्मालिनक्स?
सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवरचा सर्व्हर डेबियनवर न्यावा की अल्मालिनक्सवर (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), असं तुम्ही विचारलंय. आधी त्यावर काय चालतं ते बघा. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर फक्त रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या घराण्यातच (सेंटओएस आणि अल्मा त्यातलेच) चालत असेल, तर अल्माच घ्या. आरपीएम (सॉफ्टवेअर पॅकेजेस), एसईलिनक्स (सुरक्षेचे नियम), फायरवॉलडी (फायरवॉल) सगळं ओळखीचं राहतं. नुसतं एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) असेल, तर मी डोळे झाकून डेबियन घेईन. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते, ते रेड हॅटने २०२१ अखेरीसच थांबवले. डेबियन कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही, त्यामुळे तिथे असं एका फटक्यात होणं अवघड. पण ठरवायला वेळ लावू नका, ७ चे सुरक्षा अपडेट जून २०२४ मध्येच बंद झालेत. आणि नवा सर्व्हर उभारून डेटा हलवा. चालू मशीनवर अपग्रेड नको.