‘मेंटॉर’ हा शब्द मुळात कोणाचा, आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

खडूफळा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयात प्रत्येक प्राध्यापकाकडे काही विद्यार्थी सोपवले जातात. मूल्यांकनाच्या वेळी नॅक या महाविद्यालये तपासणाऱ्या संस्थेला विद्यार्थी आणि मेंटॉर यांचे गुणोत्तर कळवावे लागत असल्यामुळे ‘मेंटॉर-मेंटी’ ही जोडी आता शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी रुळली आहे. या योजनेची मराठी माहितीपुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले असून प्रस्तावनेत शब्दाचा उगम थोडक्यात द्यावा, असे ठरले आहे. मात्र त्यावर विभागात एकमत होत नाही. एका सहकाऱ्यांच्या मते हा शब्द आपल्या ‘मंत्र’वरून ग्रीकमध्ये गेला, तर दुसऱ्यांच्या मते प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यामध्ये राजपुत्र टेलेमाकसला घडवणारा मेंटॉर नावाचा आदर्श गुरू आहे आणि हा शब्द त्याच्यावरून आला. यातले खरे काय? शिवाय ‘मार्गदर्शक’ हा शब्द आमच्याकडे पीएच.डी.च्या गाईडसाठी आधीच अडकलेला आहे. तेव्हा दुसरा कोणता मराठी शब्द चालेल, हेही जाणकारांनी कृपया सुचवावे.

पोथीवाला

आपल्या दुसऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे नावापुरते खरे आहे, गुणवर्णनापुरते नाही. होमरचा मेंटॉर हा इथाका बेटावरचा एक वयस्क गृहस्थ, टेलेमाकसचे वडील ओडिसियस यांचा जुना स्नेही. ट्रॉयच्या युद्धाला निघताना ओडिसियसने आपले घरदार त्याच्या हवाली केले होते. वीस वर्षांनंतर त्या घराची अवस्था अशी की, ओडिसियसची बायको पेनेलपी हिच्याशी लग्न करू पाहणारे शंभरावर उमेदवार तिच्याच वाड्यात ठाण मांडून बसले आहेत आणि रोज तिच्या नवऱ्याची गुरेढोरे कापून खात आहेत. दुसऱ्या सर्गात मेंटॉर भर सभेत उठून, ‘तुम्ही इतके जण असून मूठभरांपुढे गप्प का बसता?’ अशा अर्थाचे बोल गावकऱ्यांना सुनावतो खरा, पण लिओक्रिटस नावाचा एक उमेदवार त्याला उडवून लावतो आणि सभा उठते. या माणसाने टेलेमाकसला काही शिकवले किंवा घडवले, असा प्रसंग मला तरी संपूर्ण काव्यात सापडत नाही.

काव्यात जे मार्गदर्शन घडते, ते अथीना देवी करते, आणि बरेचसे मेंटॉरचे रूप व आवाज घेऊन करते. ती टेलेमाकसला जहाज मिळवून देते, खलाशी जमवते आणि त्याच्यासोबत पायलॉसला जाते. तिथे वृद्ध राजा नेस्टॉरपुढे उभे राहण्याची वेळ येते, तेव्हा मुलगा कचरतो. एवढ्या मोठ्या माणसाशी बोलावे कसे, हेच त्याला उमजत नाही. त्यावर ती त्याला काय बोलायचे ते पढवत नाही. काही गोष्टी तुझ्या तुला सुचतील आणि काही एखादी देवता सुचवील, एवढेच सांगून ती पुढे चालू लागते. माझ्या मते आजच्या अर्थाने ‘मेंटॉर’ म्हणावे असे वर्तन साऱ्या काव्यात येथेच सर्वांत स्पष्ट दिसते, आणि ते मेंटॉरचे नाही!

होमरला स्वतःला ही अदलाबदल पुरती ठाऊक होती. चौथ्या सर्गात ज्याने जहाज उसने दिले तो नोएमॉन गोंधळून सांगतो की, ‘मेंटॉर त्या दिवशी जहाजात चढला, मग काल सकाळी मला तो इथेच कसा दिसला?’ खरा मेंटॉर बिचारा घरीच होता.

आदर्श मार्गदर्शक ही प्रतिमा पुढे फ्रान्समध्ये तयार झाली. फेनेलाँ हे धर्मगुरू १६८९ पासून चौदाव्या लुईच्या नातवाचे, म्हणजे बर्गंडीच्या ड्यूकचे शिक्षक होते. राजपुत्र तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच्या शिक्षणासाठी त्यांनी टेलेमाकसच्या प्रवासाची नवी कथा रचली. तीत मेंटॉर पानोपानी सोबत असतो, शिष्याला मोहातून सोडवतो, आणि युद्धखोर व चैनी राजे प्रजेला कसे नागवतात, ते समजावून देतो. हा मेंटॉरही वेषांतर केलेली देवीच असते, पण ते शेवटी उघड होते. हे पुस्तक १६९९ मध्ये लेखकाच्या संमतीशिवाय छापले गेले. त्यातले टोले आपल्यालाच आहेत, असा राजाचा ग्रह झाला आणि आधीच दरबारातून दूर गेलेल्या फेनेलाँना तेथे पुन्हा थारा मिळाला नाही. पुस्तक मात्र युरोपभर वाचले गेले. त्यानंतरच, अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, इंग्रजीत ‘मेंटॉर’ हे सामान्यनाम म्हणून दिसू लागते. लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी मुलाला लिहिलेल्या पत्रांत ते येते. पुस्तिकेत होमरचे नाव अवश्य घ्यावे, पण फेनेलाँना वगळून उगम सांगितला तर तो अर्धाच राहील.

धातुपाठ

‘मंत्र’विषयी थोडे. मंत्र ग्रीकमध्ये गेला, हे म्हणणे टिकणारे नाही. संस्कृत आणि ग्रीक या एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे दोहोंत ‘विचार करणे’ या अर्थाचा ‘मन्’ हा धातू वारशाने आला आहे, कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही. ग्रीक नावातला ‘-टॉर’ हा प्रत्यय आपल्या ‘-तृ’चा सख्खा भाऊ आहे. कर्तृ, वक्तृ, नेतृ यांपासून जसे कर्ता, वक्ता, नेता झाले, तसा ‘मन्’पासून ‘मन्तृ’ म्हणजे ‘मन्ता’. प्रश्नोपनिषदात द्रष्टा, श्रोता, घ्राता अशी माळ आहे, तीत हा ‘मन्ता’ येतो. मेंटॉर या नावाशी रूपाने जुळणारा आपल्याकडचा शब्द तोच. मंत्र आणि मंत्री हे त्याच घराण्यातले, पण चुलत शाखेचे.

शाळेतला ‘मॉनिटर’सुद्धा याच घराण्यातला आहे. विचार करायला लावणे, आठवण देणे, बजावणे अशा अर्थांच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहून ठेवणाऱ्या मुलाला हे नाते सांगितले, तर त्याची मान आणखी ताठ होईल, म्हणून सांगू नये.

आडवाट

मराठी प्रतिशब्दाविषयी माझे मत असे आहे की, ‘गुरू’ हा शब्द या योजनेत वापरू नये. मूळ अर्थाने गुरू म्हणजे जड, वजनदार. वृत्तांतल्या लघु-गुरूमध्ये आणि गुरुत्वाकर्षणात तो अर्थ अजून शाबूत आहे. ‘गु म्हणजे अंधार आणि रु म्हणजे तो घालवणारा’ ही फोड भाविक आहे, व्युत्पत्ती नव्हे. शिवाय गुरूला शरण जायचे असते, आणि हजेरी कमी पडलेल्या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना शरण जावे, अशी तुमच्या महाविद्यालयाची अपेक्षा नसावी.

‘वाटाड्या’ हा शब्द मला जवळचा वाटतो. सह्याद्रीतल्या एखाद्या अवघड घाटवाटेने उतरायचे असेल, तर आपण पायथ्याच्या किंवा माथ्याच्या वाडीतला माणूस सोबत घेतो. तो आपल्याला पाठीवर घेत नाही. पाय कुठे ठेवायचा ते दाखवतो, फसव्या ढोरवाटेपाशी थांबवतो आणि रुळलेली वाट लागली की परततो. ज्ञानेश्वरांनीही अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आपल्या कामाचे वर्णन ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ असेच केले आहे. अर्थात, प्राध्यापकांच्या दारावर ‘वाटाड्या’ अशी पाटी शोभणार नाही, हे मान्य आहे. तेथे ‘पालक-प्राध्यापक’ लिहावे. काही महाविद्यालयांत तो शब्द आधीपासून वापरात आहे आणि विद्यार्थ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

खडूफळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाटीसाठी ‘पालक-प्राध्यापक’ आणि प्रस्तावनेत ‘वाटाड्या’चा उल्लेख, असे विभागापुढे मांडते. फेनेलाँची हकिकतही घेते. ‘मेंटी’चे मात्र काय करावे? तोही ग्रीकच आहे का?

धातुपाठ

नाही, तो विसाव्या शतकातला इंग्रजी घडणीचा शब्द आहे. नोकरी देणारा ‘एम्प्लॉयर’ आणि मिळवणारा ‘एम्प्लॉयी’ या जोडीच्या धर्तीवर तो पाडला गेला. एम्प्लॉयरच्या मुळाशी क्रियापद आहे. मेंटॉर हे विशेषनाम असल्यामुळे त्यातला ‘-ऑर’ सोडवून उरलेल्या ‘मेंट’ला इंग्रजीत क्रियापद म्हणून काही अर्थच नाही. तरीही शब्द चालला, कारण त्याची गरज होती. मराठी पुस्तिकेत त्याच्या जागी ‘विद्यार्थी’ लिहिल्याने काहीही बिघडणार नाही.