ऑपरेशनला तीन आठवडे आहेत, तोवर बाबांची तयारी कशी करून घेऊ?

पाचपाखाडीची_लेक
बाबा ६४ वर्षांचे, गालाचा कॅन्सर. आधी ऑपरेशन, मग बहुधा रेडिएशन. येणारा-जाणारा सांगतोय, 'आता नुसता आराम.' रोज कचराळी तलावाला फेऱ्या मारणारा माणूस पलंग सोडत नाही. तोंड झोंबतं म्हणून पेजेवर आहेत. बोलणंही तुटक झालंय. तुम्ही या दिवसांत काय केलंत?

खारघरचे_काका
पोरी, आमच्या हिचंही गालाचंच होतं. डॉक्टरांना विचारून कर, पण त्यांना आधी पलंगावरून उठव.

दात लगेच दाखवून घे. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाला रक्त कमी मिळतं; तेव्हा दात काढला तर जखम न भरता हाड उघडं पडू शकतं. आम्हाला हे रांगेतल्या एका बाईंनी सांगितलं, बोला!

प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. पेजेतून कुठून येणार? मी दुधात दूध पावडर घुसळायचो, मऊ अंडं, मुगाचं घट्ट कढण द्यायचो. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञांना विचार. मिश्री-तंबाखू असेल तर आजच बंद. 'आता काय उपयोग' म्हणतील, पण तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो.

हिला कॅन्सरपेक्षा ऑपरेशननंतर जेवणासाठी नाकातून घालतात त्या नळीची धास्ती. एका सिस्टरनी नवी नळी हातात दिली. हिनं बोटांत फिरवली, वाकवून पाहिली, 'एवढीच होय?' म्हणाली. त्या रात्री नीट झोपली. बोलता येणार नाही म्हणून पाणी, दुखतंय, लघवी यांच्या खुणाही आधीच ठरवल्या. पाटी आणून ठेवली.

फिजिओ_ऐरोली
तीन छोट्या चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, आत्तापासून द्या. श्वास आत ओढायचा, बरेच जण फुंकतात! तोंडात त्यांची स्वतःची किती बोटं उभी मावतात तेही लिहून ठेवा, नंतरच्या व्यायामाला ते माप लागतं. चालताना दम लागावा, पण वाक्य पुरं करता यावं.

घोडबंदरवाला
फक्त तयारीपायी तारीख पुढे ढकलू नका. 'काढा घेऊन अंगात ताकद येऊ दे, मग करू' म्हणणारे आमच्याही नात्यात आहेत.

पाचपाखाडीची_लेक
तारीख तीच राहील. दातांसाठी उद्याची वेळ घेतली. काका, नळीचं बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'पाटी नको, मोबाइलवर टाइप करीन.' मिश्रीची डबी आईच्या ताब्यात दिली आहे. पण आईसुद्धा लावते, तिचं काय करू?