दार्जिलिंगची वाफेची जॉयराइड: पैसे वसूल की नुसता धूर?

घाटवेडा: नुकताच जाऊन आलो. दार्जिलिंग ते घूम आणि परत, दोन तास, तिकीट दीड हजाराच्या घरात. त्यात बटासिया लूपला (रूळ गोल वळसा घेतात ती जागा) दहा मिनिटं, घूमला अर्धा तास थांबा. उरलेला वेळ पुढच्यांच्या मोबाइलच्या आडून डोंगर बघण्यात गेला. ही रेल्वे १८८१ ची, १९९९ पासून जागतिक वारसा. पण तिची खरी करामत, म्हणजे गाडी पुढे-मागे होत डोंगर चढते ते झेड आकाराचे टप्पे, सगळे खाली कर्सियांगच्याही अलीकडे. जॉयराइडवाल्याला एकही दिसत नाही! त्यापेक्षा न्यू जलपायगुडीहून डिझेलने अख्खे ८८ किमी या.

कोळशाची_पोर: सात-आठ तास डिझेलच्या मागे? तुम्हालाच लखलाभ. मी इंजिनाच्या नाकावर बसलेल्या दोघांना बघत होते. चाकं घसरू नयेत म्हणून मुठीमुठीने रुळांवर वाळू सोडत होते. निलगिरीच्या गाडीला चढावर पकड द्यायला दातेरी रूळ तरी आहे, इथे तोही नाही. नुसत्या चाकांच्या पकडीवर घूम गाठायचं, २२५८ मीटर! मागे एक जण कोळशाच्या ढिगावर बसून ढेकळं फोडतोय. हे डिझेलवर कुठून दिसणार?

नेरळ_लोकल: +१. आमची माथेरानची गाडीही दार्जिलिंगसारखी दोन फूट रुंदीच्या रुळांवरचीच, १९०७ ची. वाफ गेली ती गेलीच. आता जुनं इंजिन शोभेला उभं, मुलं त्यावर चढून फोटो काढतात. चालतं इंजिन बघायला दीड हजार जास्त वाटत असतील तर कठीण आहे.

खिडकीपाशी: तुमचा रोमान्स ठीक, पण घूमच्या बाजारात रूळ दुकानांना खेटून जातात. आमच्या समोर एका बाईंनी शिट्टी ऐकताच दोरीवरचे कपडे भराभर ओढून घेतले. आपण दोन तास हौस करतो, काजळी त्यांच्याकडे रोजची.

कोळशाची_पोर: तिथल्या हॉटेलवाल्यांना, टॅक्सीवाल्यांना विचारा, गाडी बंद करू का म्हणून.

खिडकीपाशी: त्यांना नको, त्या बाईंना विचारा.

घाटवेडा: मुद्दा बरोबर. बाकी वाळूवाले मला दिसलेच नाहीत, मागच्या डब्यात होतो. पण झेड राहिलेच ना?